हातातल्या समिधा

प्रश्नोपनिषदाच्या सुरुवातीला सहा जण हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. सहाही जण शिकलेसवरलेले. त्यांतला भार्गव तर विदर्भाचा. पिप्पलाद त्यांना लगेच उत्तर देत नाहीत. वर्षभर इथे राहा, तप करा, मग हवे ते विचारा, म्हणतात. आणि जाता जाता जोडतात, आम्हाला ठाऊक असेल तर सगळे सांगू.

विचारण्याआधी काही करून यावे, ही अट अजून शाबूत आहे. समिधा तेवढ्या बदलल्या. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ साली सुरू केलेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर प्रोग्रॅमिंगची अडचण घेऊन येणाऱ्याने काय काय करून पाहिले ते सांगायचे, एररचा मजकूर जसाच्या तसा द्यायचा आणि चूक दिसेल एवढाच, कमीत कमी कोड जोडायचा. नाही जोडला, तर प्रश्न बंद होऊ शकतो. तोच प्रश्न आधी कोणी विचारलेला असला की ‘डुप्लिकेट’चा शिक्का. शिक्का मारणारे बहुतेक पगारी नोकर नसतात. ३,००० गुण कमावलेले सभासदच मते देऊन प्रश्न बंद करतात. नवख्याला मात्र ५० गुण होईपर्यंत दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराखाली साधी शंकाही लिहिता येत नाही. त्याचे ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’सुद्धा फापटपसारा म्हणून संपादनात उडतात. आपल्याकडे दारात आलेल्याला निदान पाणी तरी विचारतात.

हा सगळा उद्धटपणा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच्या तळाशी खरा पेच आहे: प्रश्न कोणाचा असतो? विचारणाऱ्याच्या लेखी तो त्याचा, आज रात्रीचा, उद्या सकाळी काम द्यायचे आहे म्हणून आलेला. राखण करणाऱ्यांच्या लेखी तो पुढे शोधत येणाऱ्या हजारोंचा. त्या हजारोंना पहिल्याचा नमस्कार नको असतो, एकाच प्रश्नाची चाळीस रूपेही नको असतात. दहा वर्षांपूर्वी कोणा अनोळखी माणसाने लिहिलेले नेमके उत्तर मध्यरात्री ज्याच्या हाती लागले आहे, त्याने या कडकपणाचेच फळ खाल्लेले असते. खाताना तो मारलेल्या शिक्क्यांची आठवण काढत नाही, एवढेच.

पण या हिशेबात किंमत मोजतो तो समोर उभा असलेला. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने स्वतःच जाहीर कबुली दिली, की इथे अनेकांना, विशेषतः नवख्यांना आणि स्त्रियांना, परके वाटते. त्याच वर्षी नवी आचारसंहिता आली, आणि नव्या माणसाच्या नावाशेजारी तो नवा असल्याची खूणही दिसू लागली. सप्टेंबरमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही आपल्या जहाल ईमेलबद्दल माफी मागितली आणि काही आठवडे कामातून बाजूला झाले. गंमत अशी, की त्यांचे शाब्दिक फटके खाणारे बरेचदा नवखे नसत, मुरलेले सहकारी असत.

म्हणजे दोष अटीत नसावा. अट घालणारा कुठे उभा आहे, यात असावा. पिप्पलाद वर्षभर थांबवतात, पण आपल्याच आश्रमात ठेवून घेतात, आणि स्वतःच्या अज्ञानाची शक्यता आधीच मांडून ठेवतात. त्या सहांपैकी सुकेशाची गोष्ट याहून बोलकी आहे. कोसलच्या राजपुत्राने त्याला सोळा कलांच्या पुरुषाविषयी विचारले, तेव्हा त्याने सरळ सांगितले होते, मला माहीत नाही. राजपुत्र मुकाट्याने रथात बसून निघून गेला. तोच प्रश्न सुकेशा आता पिप्पलादांपुढे ठेवतो. उपनिषदातला हा ‘डुप्लिकेट’ प्रश्न कोणी बंद केला नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि नवख्यांना दुसरे दार उघडले. तिथे गुण लागत नाहीत, शिक्का बसत नाही, एकच गोष्ट दहादा विचारली तरी कोणी वैतागत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवरचे नवे प्रश्न झपाट्याने आटले. यंत्राने लिहिलेली उत्तरे तिथे चिकटवायला काही दिवसांतच बंदी घातली गेली, कारण ती दिसायला बिनचूक आणि पुष्कळदा चुकीची होती. ‘ठाऊक असेल तर’ हे शब्द यंत्राच्या तोंडी सहसा येत नाहीत.

जाणत्यांच्या गप्पांत एक जुने उदाहरण नेहमी निघते. नवखा विचारतो, फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरे कशी काढायची? भला माणूस लगेच कोड लिहून देतो. खडूस म्हातारा मात्र उलट विचारतो, ‘तुला ती कशाला हवीत?’ नवख्याला ते झोंबते. पुष्कळ आढेवेढे घेऊन तो सांगतो, की फाइल कोणत्या प्रकारची आहे ते ओळखायचे आहे. मग म्हातारा दाखवून देतो, की ‘जेपीईजी’ला अक्षरे चार असतात.