उपग्रहाचा संच आणि सीमेवरची गावे

दूरचित्रवाणी समाजाला उपयोगी की अपायकारक, याची भारतातली सर्वांत मोठी परीक्षा खेड्यांत झाली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग चालला. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९मध्ये अमेरिकेच्या नासाशी करार झाला होता. प्रयोग सुरू होईपर्यंत साराभाई हयात नव्हते, पण नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत संच बसवले गेले. कर्नाटकातली गावे निवडली गेली ती गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर या उत्तरेकडच्या कोरडवाहू जिल्ह्यांतून. गुलबर्गा म्हणजे आजचे कलबुर्गी. त्याच्या आळंद तालुक्यात आणि शेजारच्या बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद या पट्ट्यात मराठी आणि कन्नड एकाच बाजारात, अनेकदा एकाच घरात बोलल्या जातात. हुमनाबाद तालुक्यातले हळ्ळीखेड (बी) हे याच पट्ट्यातले. दूरचित्रवाणीचा लेखाजोखा मांडायला हा मुलूख फार उपयोगी आहे, कारण तिची पहिली चांगली बाजू इथल्या गावांनी पाहिली आणि तिच्या व्यवस्थेतली उणीवही इथेच स्पष्ट दिसते.

साइटची रचना साधी होती. गावातली शाळा किंवा पंचायतीची जागा, तिच्यावर जाळीची तीन मीटरची छत्री, आत एक संच. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, आहार, कुटुंबनियोजन आणि करमणूक. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांत प्रक्षेपण होई. कन्नड कार्यक्रम हैदराबादच्या निर्मितीकेंद्रात तयार होत. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालत. अनेक प्रेक्षकांच्या आयुष्यात वर्तमानपत्र, रेडिओ किंवा सिनेमा यांतले काहीच आले नव्हते. पहिले आले ते थेट दूरचित्र. सुरुवातीची झुंबड ओसरल्यावरही बरेच लोक रोज येऊन बसत राहिले.

या प्रयोगाचे मोल वाढवले ते त्याच्या मूल्यमापनाने. संशोधक गावांत मुक्कामाला राहिले, आधी आणि नंतर पाहण्या झाल्या. आरोग्य, आहार आणि कुटुंबनियोजन यांच्या माहितीत भर पडली आणि ती विशेष ठळक होती निरक्षर प्रेक्षकांत, त्यांतही स्त्रियांत. अक्षरओळख नसलेल्या बाईला पुस्तक, पत्रक, भित्तिचित्रावरचा मजकूर यांपैकी काहीच उपयोगाचे नव्हते. चित्र आणि बोल मात्र तिला थेट समजत होते. मुलांच्या भाषेत आणि जिज्ञासेत वाढ दिसली, शाळागळतीवर मात्र परिणाम झाला नाही. सुट्ट्यांत याच उपग्रहावरून ५०,०००च्या आसपास प्राथमिक शिक्षकांचे विज्ञानशिक्षणाचे प्रशिक्षण झाले. एवढ्या शिक्षकांपर्यंत इतक्या थोड्या दिवसांत पोहोचण्याचा दुसरा मार्ग त्या काळी नव्हता.

शेतीत मात्र फारसे हाती लागले नाही, आणि इथे थांबून विचार करायला हवा. कलबुर्गी हा तुरीचा जिल्हा. काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस. अनेक जिल्ह्यांना मिळून एकच सल्ला दिला की तो कोणत्याच शिवाराला नेमका लागू पडत नाही. शिवाय पडद्यावर सांगितलेले बियाणे तालुक्याच्या दुकानात नसेल, त्यासाठी लागणारे कर्ज सोसायटीत मिळत नसेल, तर पाहणाऱ्याने करायचे काय? आरोग्याचा सल्ला निदान घरातल्या घरात पाळता येतो. पाणी उकळायला परवाना लागत नाही. शेतीचा सल्ला बाजार, पतपुरवठा आणि पाणी यांच्यावर अवलंबून असतो, आणि त्यांतले काहीही संचातून येत नाही. दूरचित्रवाणीच्या उपयोगाची मर्यादा इतक्या स्वच्छपणे नंतर क्वचितच मोजली गेली.

३१ जुलै १९७६ला प्रयोग संपला आणि उपग्रह परत गेला. पुढच्याच वर्षी साइटच्या गावांसाठी जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रे निघाली, त्यांत गुलबर्गा होते. बंगळूरचे दूरदर्शन केंद्र १९८१मध्ये सुरू झाले. म्हणजे राज्याच्या राजधानीच्या आधी दूरचित्र या मागास मानल्या गेलेल्या भागात पोहोचले. भारतीय विकासाच्या इतिहासात असा उलटा क्रम दुर्मीळ आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा असाच तो आहे.

हा क्रम टिकला नाही. १९८२मध्ये रंगीत चित्र आणि दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आला, १९८३मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह कामाला लागला आणि लहान प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले. संच पंचायतीतून घरात गेला. खर्च प्रायोजक उचलू लागले. १९८४मध्ये सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका कुटुंबनियोजनाचा संदेश कथेतून देण्याच्या हेतूने निघाली होती. मेक्सिकोतल्या अशा मालिकांचा आदर्श तिच्यापुढे होता. तिने करमणुकीच्या मालिकेला किती मोठा प्रेक्षक आणि किती मोठी जाहिरात मिळू शकते हे दाखवले, आणि संदेशापेक्षा हाच धडा पुढे गिरवला गेला. त्याच सुमारास अर्थशास्त्रज्ञ पी. सी. जोशी यांच्या समितीने दूरदर्शनचे दिल्लीकेंद्रित, शहरी आणि उपभोगवादी वळण दाखवून दिले होते. स्थानिक निर्मिती वाढवण्याची समितीची मागणी बव्हंशी कागदावर राहिली.

अपायाची मुळे या बदलात आहेत. एकत्र पाहिलेल्या कार्यक्रमानंतर बोलणे होत असे. शिक्षक किंवा ग्रामसेविका शंका फेडू शकत असे. घरात संच आल्यावर ही चर्चा संपली. उंबऱ्याबाहेर न पडता करमणूक मिळू लागल्यावर गावातली संध्याकाळची बैठक विरळ होणे ओघानेच आले. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात मराठी, कन्नड आणि हिंदुस्तानी अशा भाषांत पदे रचली आणि सर्व जातिधर्मांचे लोक ती ऐकायला जमत. अनेक भाषांत एकत्र ऐकण्याची ही या मुलखाची जुनी सवय. प्रत्येक घराने आपापल्या भाषेची वाहिनी लावली की भाषा टिकते, पण शेजाऱ्याची भाषा कानावर पडेनाशी होते. हे नुकसान कुठल्याही पाहणीत मोजले जात नाही, तरी ते खरे आहे.

तरीही नंतर केबलवरून आलेल्या खाजगी वाहिन्यांना सरसकट दोष देणारी मांडणी पुराव्यापुढे टिकत नाही. कर्क जॉन्सन यांनी सातारा जिल्ह्यात पाचगणीच्या परिसरातील दोन खेड्यांत राहून केलेल्या अभ्यासात नव्या वस्तूंची हाव आणि शहराची ओढ वाढलेली दिसली, पण त्याबरोबर घरातले आणि जातीचे जुने अधिकार सैल झालेलेही दिसले. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांचा २००९मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक चकित करणारा आहे. भारतातील ज्या खेड्यांत केबल आली तिथे बायकोला मारणे योग्य ठरवण्याचे प्रमाण आणि मुलग्याचा हव्यास स्त्रियांच्या उत्तरांत घटला, त्यांची स्वायत्तता वाढली. सासू-सुनांच्या भडक मालिकाच त्या वेळी सर्वांत जास्त पाहिल्या जात होत्या. त्यांच्या कथा मागासलेल्या असतीलही, पण त्यांतल्या बायका एकट्या बाहेर जातात, पैसे बाळगतात, नवऱ्याला उलट उत्तर देतात. घराबाहेर पडण्याची मुभा नसलेल्या प्रेक्षक स्त्रीला हेच दृश्य नवे होते. टीकाकारांनी कथा तपासल्या. त्या बाईने पार्श्वभूमी पाहिली.

मराठी भाषकाच्या दृष्टीने सीमाभागातला प्रश्न वेगळाच आहे. साइटच्या चार भाषांत मराठी नव्हती. महाराष्ट्र त्या प्रयोगात नव्हता आणि भाषा राज्यांवरून ठरल्या. आळंदच्या मराठी वस्तीचा विचार त्या हिशेबात बसलाच नाही. १९९४नंतर मराठी उपग्रह वाहिनी आणि १९९९पासून खाजगी मराठी वाहिन्या आल्या, तेव्हा हळ्ळीखेडसारख्या गावातल्या मराठी घराला प्रथमच रोजची मराठी पडद्यावर मिळाली. सरकारी फ्री डिश सेवेवर दूरदर्शनच्या सह्याद्री (मराठी) आणि चंदना (कन्नड) या दोन्ही वाहिन्या आता विनाशुल्क दिसतात. पाहण्याची सोय झाली, गणतीची झाली नाही. प्रेक्षकसंख्या मोजताना मराठीचा बाजार म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा. बीदरमधले मराठी घर मोजलेच तर ते कर्नाटकाच्या बाजारात पडते. जाहिरातदाराला ते दिसत नाही, म्हणून मालिकेच्या लेखकालाही दिसत नाही. सीमाभागाची बोली, तिथली शाळा, तिथला ऊस आणि तूर मराठी पडद्यावर जवळजवळ नसण्यामागे हा हिशेबच मुख्यत्वे आहे.

२०२०मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा याचा प्रत्यय आला. सह्याद्रीवर जुलैपासून ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका दाखवली गेली. घरातल्या वस्तू आणि घरातली माणसे घेऊन शिकवणारी ती रचना उत्तम होती. चंदना वाहिनीवर कर्नाटक शिक्षण विभागाचे धडे होते, मुख्यतः कन्नडमधून. बीदर जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलाला पहिली वाहिनी भाषेने जवळची, पण तिचा अभ्यासक्रम महाराष्ट्राचा. दुसरीचा अभ्यासक्रम त्याचा, पण तिची भाषा शाळेच्या पुस्तकाची नव्हे.

ही अडचण तंत्राची नाही. प्रसार भारती कायद्याच्या १२व्या कलमात निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृती आणि भाषा, ग्रामीण जनता, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी प्रक्षेपणाचे कर्तव्य नोंदलेले आहे. १९७५मध्ये एका उसन्या उपग्रहावर चार भाषा बसवता आल्या होत्या. आज कर्नाटकाचा पाठ्यक्रम मराठीतून शिकवणारा तासभराचा कार्यक्रम सह्याद्री किंवा चंदना यांच्यापैकी कोणत्याही वाहिनीवर बसू शकतो. त्यासाठी दोन राज्यांच्या शिक्षण विभागांनी आणि प्रसार भारतीने एकत्र बसून वेळ, पुस्तके आणि शिक्षक ठरवावे लागतील.