कागदी कंदील

विशीत असताना 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' मी पहिल्यांदा पाहिला, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. ब्लांश दुबॉय लाडिकपणे, गतवैभवाच्या तोऱ्यात बोलू लागली की खुर्च्यांमधून हसू फुटे. मेहुणा स्टॅन्ली कोवाल्स्की तिची ट्रंक उपसून कपडे भिरकावू लागला तेव्हा तर आम्ही खूश होतो. बाहेर चहा पिताना सगळ्यांचं एकच मत होतं: बाई ढोंगी आहे, बहिणीच्या दोन खोल्यांत ठाण मांडून बसली आहे, आणि तो रांगडा असला तरी निदान सरळ आहे. ब्लांशवर शेवटी काय ओढवतं ते आम्ही सगळ्यांनी नुकतंच पाहिलं होतं, तरी आमचं मत हे असं होतं. त्याची मला पुढे फार लाज वाटली.

तसं मत होणारे आम्ही पहिले नव्हतो. टेनेसी विल्यम्सचं हे नाटक ३ डिसेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आलं. दिग्दर्शक इलिया कझान, ब्लांशच्या भूमिकेत जेसिका टँडी आणि स्टॅन्ली म्हणून तेवीस वर्षांचा मार्लन ब्रँडो. नाटक ब्लांशचं, पण प्रेक्षागृह ब्रँडोच्या बाजूनं जाई. ब्रँडोच्या प्रभावामुळे सहानुभूतीचा तोल स्टॅन्लीकडे सरकतो, हे समीक्षक आणि दिग्दर्शक हॅरल्ड क्लर्मन यांनी त्याच काळात लिहून ठेवलं. नंतर दौऱ्यावरच्या संचाचं दिग्दर्शन त्यांनीच केलं. त्यात उटा हेगन ब्लांश झाली आणि अँथनी क्विन स्टॅन्ली, आणि तो तोल पुन्हा ब्लांशकडे आला. संहिता तीच होती. म्हणजे 'ब्लांश अशी आहे' असं ठामपणे सांगणारा प्रेक्षक बऱ्याचदा आपण कोणता नट पाहिला, कुठून पाहिला, एवढंच सांगत असतो.

१९५१ सालच्या चित्रपटाबद्दल नेहमी ऐकू येणारं मत असं, की हे कॅमेऱ्यासमोर केलेलं नाटकच आहे. दिग्दर्शक तोच, ब्रँडो, किम हंटर, कार्ल माल्डन तेच. ब्लांश मात्र बदलली. जेसिका टँडीला या भूमिकेसाठी टोनी पुरस्कार मिळाला होता, तरी स्टुडिओला पडद्यावर नावाजलेली नटी हवी होती. म्हणून व्हिव्हियन ली आली. तिनं ही भूमिका १९४९ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर लॉरेन्स ऑलिव्हिएच्या दिग्दर्शनाखाली केली होती. बहुतेक प्रसंग त्या कोंदट घरातच घडतात हे खरंच आहे. पण कझाननं सेटच्या भिंती हलवता येतील अशा करून घेतल्या आणि चित्रपट पुढे सरकेल तशी खोली आक्रसत नेली. प्रेक्षकाला हे कळत नाही, त्याला फक्त गुदमरायला होतं. रंगमंचावरच्या खोलीला हे करता आलं नसतं.

त्याहून मोठा फरक चेहऱ्याचा आहे. ब्लांशला उघडा उजेड सोसत नाही. आल्यावर ती उघड्या बल्बवर कागदी कंदील लावून घेते. नाटकात दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला तिचं वय दिसतच नाही, त्या अर्धवट उजेडाचा आडोसा तिला सबंध प्रेक्षागृहापुरता मिळतो. चित्रपटात कॅमेरा तिच्या डोळ्यांखालच्या रेषांपर्यंत जातो. तिच्याशी लग्न करू पाहणारा मिच एका रात्री चिडून तो कंदील फाडतो आणि तिचा चेहरा दिव्याखाली धरतो. त्याआधी तासभर आपण तेच करत होतो, फक्त खुर्चीत बसून. तिच्या तोंडावरच्या पावडरीखाली काय आहे ते आपल्यालाही पाहायचं असतं. तिचं खोटं पकडल्याचा आनंद मिचच्या आधी आपण घेतलेला असतो. मला हा चित्रपट मोठा वाटतो तो इथे. पाहणं किती निर्दय असू शकतं, हे तो पाहणाऱ्यालाच त्यात ओढून दाखवतो. लीला ऑस्कर मिळालं, हंटर आणि माल्डनलाही. ब्रँडोला मिळालं नाही. आणि तरीही आजसुद्धा या चित्रपटाचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो त्याचा घामानं भिजलेला बनियन.

आता नुकसानीबद्दल. हॉलिवूडच्या प्रॉडक्शन कोडच्या रखवालदारांना दोन गोष्टी चालणार नव्हत्या. ब्लांशच्या तरुण नवऱ्यानं आत्महत्या केलेली असते. नाटकात त्याचं कारण स्पष्ट आहे: तो दुसऱ्या पुरुषासोबत तिला सापडला होता आणि तिनं त्याला घृणेचे शब्द ऐकवले होते. चित्रपटात तो नुसता हळवा, दुबळा, कविता लिहिणारा मुलगा उरतो. मग ब्लांशचा आयुष्यभराचा अपराधभाव पोकळ वाटू लागतो आणि ती नाटकी आहे या प्रेक्षकाच्या मताला बळ मिळतं. प्रेक्षकाचं मत असं त्याच्या नकळत, तिकीट काढण्याआधीच घडवलेलं असतं.

दुसरी गोष्ट स्टॅन्लीनं ब्लांशवर केलेल्या बलात्काराची. तो प्रसंग काढला तर नाटकाला अर्थच उरत नाही हे विल्यम्सनं सेन्सॉरच्या प्रमुखाला, जोसेफ ब्रीनला, पत्र लिहून समजावलं. प्रसंग राहिला, पण स्टॅन्लीला शिक्षा झालीच पाहिजे या अटीवर. म्हणून चित्रपटाच्या शेवटी त्याची बायको, म्हणजे ब्लांशची बहीण स्टेला, बाळाला उराशी धरून, पुन्हा परतणार नाही असं म्हणत वरच्या मजल्यावर निघून जाते. एवढ्यानंही भागलं नाही. कॅथलिकांच्या 'लीजन ऑफ डीसेन्सी'नं चित्रपट निषिद्ध ठरवण्याचा धाक घातला तेव्हा स्टुडिओनं कझानला अंधारात ठेवून सुमारे चार मिनिटांचा भाग छाटला. कझाननं वर्तमानपत्रात लेख लिहून निषेध केला. तो भाग परत जोडायला १९९३ साल उजाडलं.

छाटलं काय, हे पाहिलं की मन विषण्ण होतं. मारहाणीनंतर स्टॅन्ली अंगणातून हाका मारतो आणि स्टेला जिना उतरून येते. त्या उतरण्यातले तिच्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले शॉट काढले, ॲलेक्स नॉर्थचं तिथलं संगीत बदललं. बायकोवर उगारलेला हात पडद्यावर राहिला. त्या बाईच्या डोळ्यांतली ओढ मात्र गेली. आणि तीच दिसली नाही तर स्टेला का परतते, बहिणीवर विश्वास ठेवायला का कचरते, काहीच उमगत नाही. बेचाळीस वर्षं लोक स्टेलाला बावळट किंवा सोशिक म्हणत राहिले. त्यांचं मत त्यांनी पाहिलेल्या चित्रपटापुरतं बरोबरच होतं.

मराठीशी या नाटकाचा धागा आहे. विजय तेंडुलकरांनी 'वासनाचक्र' या नावानं त्याचा अनुवाद केला. १९७२ मध्ये त्यांच्याच 'सखाराम बाइंडर'वर कात्री चालली तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या भांडणात निदान प्रेक्षकाला माहीत होतं, की आपल्यापासून काय लपवलं जातंय आणि कोण लपवतंय. नाटक आवडो न आवडो, त्याचं मत त्याचं स्वतःचं होतं. 'स्ट्रीटकार'च्या प्रेक्षकाला ते भाग्य लाभलं नाही.

जोडलेली प्रत मी पन्नाशीजवळ पाहिली. या खेपेला मला स्टॅन्ली सरळ वाटला नाही आणि ब्लांशच्या बोलण्यावर हसू आलं नाही. स्टेला मात्र पहिल्यांदाच नीट दिसली. म्हणूनच चित्रपटातलं तिचं ते निघून जाणं आता मला पटत नाही. जी बाई त्या हाकेला अशी खाली उतरली, ती पुढच्या हाकेलाही उतरेल. विल्यम्सनं तसंच लिहिलं होतं. नाटकात ब्लांशला डॉक्टर घेऊन जातो, स्टेला बाळासह रडत असते, स्टॅन्ली तिला जवळ घेऊन कुरवाळत असतो, आणि आत टेबलावर पत्त्यांचा पुढचा डाव सुरू होतो.