आक्रोश आणि मौन

दया ही मनुष्यास उपजतच मिळालेली देणगी आहे, असें आपण समजतों. आणि जें उपजत मिळालें तें शिकण्याची आवश्यकता कोणास वाटत नाहीं. परंतु दयेस नुसतें अंतःकरण पुरतें, कीं तिला डोळेही लागतात, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. अपघाताच्या जागीं तो जितक्या उघडपणें पुढें उभा राहतो, तितका अन्यत्र क्वचितच राहत असेल.

घाटाच्या वळणावर एक मोटारगाडी उलटली आहे व आपण तेथें सर्वांच्या आधीं पोहोंचलों आहों, अशी वाचकांनीं क्षणभर कल्पना करावी. एकाचा हात मोडला असून तो टाहो फोडीत आहे. दुसऱ्याच्या मांडींतून रक्ताची धार लागली आहे. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीं. तिसरा उताणा निपचित पडला असून त्याच्या घशांतून केवळ घरघर ऐकूं येते. आपले पाय बहुधा पहिल्याकडेच वळतील. आक्रोश कानांवर आदळतो. मौन कोणास हांक मारीत नाहीं. पण जो ओरडतो त्याचा श्वास चालूं आहे, एवढें तरी त्याच्या ओरडण्यानेंच सिद्ध झालें. उलट, बेशुद्ध मनुष्याची जीभ मागें पडून श्वासाची वाट बंद होण्याचा संभव असतो, आणि प्राणवायूवांचून मेंदूस चार-पांच मिनिटांतच कायमची इजा होऊं लागते. मांडींतील मोठी धमनी तुटली असल्यास तीही फार वेळ देत नाहीं.

हें तत्त्व नवीन नाहीं. नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य डोमिनिक लारे (१७६६–१८४२) यानें असा दंडक घातला होता कीं, हुद्दा न पाहतां ज्याची जखम अधिक घातक त्याची शुश्रूषा आधीं व्हावी. पुढें १९८३ सालीं कॅलिफोर्नियांतील न्यूपोर्ट बीच येथें याच विचारास एका सोप्या पद्धतीचें रूप देण्यांत आलें. ज्यांस चालतां येतें त्यांस बाजूस जाण्यास सांगावें. उरलेल्यांचा श्वास, रक्ताभिसरण व शुद्धि हीं क्रमानें पाहावीं. आणि एका जखमीमागें मिनिटाहून अधिक वेळ घालवूं नये.

परंतु याच पद्धतींत एक कठोर नियम आहे. श्वासाची वाट मोकळी करूनही ज्याचा श्वास सुरूं होत नाहीं, त्यास सोडून पुढें जावें, असें ती सांगते. ही निर्दयता नव्हे काय, असें कोणीही विचारील. आमच्या मतें, या नियमानें त्या मनुष्याच्या जीविताची किंमत कमी ठरविली जात नाहीं. जखमी पुष्कळ आणि हात दोनच, एवढेंच दुःखद सत्य त्यांत मान्य केलें आहे. म्हणूनच जखमी एकटाच असेल तर तो नियम लागू पडत नाहीं. तेथें मिनिटास १०० ते १२० या गतीनें त्याची छाती दाबीत, मदत येईपर्यंत झटत राहणें हेंच कर्तव्य होय.

आणि आई आपल्या रडणाऱ्या मुलाकडेच धांवली तर? तिला दोष देण्यास आम्ही धजणार नाहीं. उलट, ममतेनें तिचे डोळे बांधले आहेत म्हणूनच शेजारीं उभ्या असलेल्या परक्याचे डोळे उघडे असले पाहिजेत. त्याची जबाबदारी त्यामुळें कमी होत नसून वाढते.

हें ज्ञान कांहीं दुर्लभ नाहीं. स्वच्छ फडकें जखमेवर घट्ट दाबून धरावें व तें वरचेवर उचलून पाहूं नये. बेशुद्ध मनुष्याची हनुवटी हलकेच वर करावी. मानेस इजा असण्याचा संभव असल्यानें त्यास अकारण हलवूं नये, मात्र श्वासाची गरज मानेहूनही आधींची. आणि ११२ या क्रमांकावर तत्काळ वर्दी द्यावी. पोलीस-कोर्टाच्या ससेमिऱ्याचें भय पुष्कळ दिवस आपणांस मागें खेंचीत असे. पण मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेल्या १३४-अ या कलमानें सद्भावनेनें मदत करणारास संरक्षण दिलें आहे. आतां अज्ञान हीच एक सबब उरली, आणि ती तर आपल्याच घरची आहे.

आम्ही मुलांस दया करण्यास सांगतों, हें योग्यच होय. परंतु रक्त कसें थांबवावें हें ज्यानें कधीं शिकून घेतलें नाहीं, त्याची दया त्या वळणावर रडण्यापलीकडे कांहीं करूं शकणार नाहीं. आक्रोशाकडे धांवणें हें स्वाभाविक आहे. जो गप्प पडला आहे त्याच्याकडे आधीं वळणें हें शिकावें लागतें, व तें अपघातापूर्वींच शिकावें लागतें.