काडतूस, प्रमाद आणि हिंसा

झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी स्वच्छ करून, तिच्यात नवी टोपी बसवून, मोजलेली दारू घालून आणि वर गोळी दाबून घरच्या मेजावर ती पुन्हा सिद्ध करणारा मनुष्य हिंसेच्या कोणत्या पायरीवर उभा असतो? त्याने कोणावर बंदूक रोखलेली नाही, त्याच्या मनात द्वेष नाही, कदाचित नेमबाजीच्या वर्तुळापलीकडे त्याची नजरही जात नाही. निजाम अलीच्या चाकरीतील रेमंड या फ्रेंच सेनानीने १७८६ साली ज्या हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखाना काढला आणि जेथील एक भाग आजही गनफाउंड्री या नावानेच ओळखला जातो, त्या शहरात हा प्रश्न परका नाही.

काडतुसावरून आपल्या देशात धर्माचा जो मोठा वाद झाला, तो १८५७ चा. एनफील्ड रायफलच्या काडतुसाला गाईची व डुकराची चरबी असल्याचा संशय शिपायांत पसरला, तेव्हा बाजारातून तूप व मेण आणून ज्याने त्याने आपले वंगण आपणच करावे अशी तजवीज सरकारने जानेवारीतच केली. पण गेलेला विश्वास तेवढ्याने परत आला नाही. त्याच वर्षी १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला, त्यामागे अर्थात इतर कारणेही होती. शिपायांची व्यथा खरी होती आणि तिला हसणे हा कृतघ्नपणा होईल. तथापि तो वाद काडतूस कशाचे केले आहे याचा होता, ते कसे व कोणत्या चित्ताने केले जाते याचा नव्हता.

हा दुसरा प्रश्न जैन आचार्यांनी जितक्या बारकाईने हाताळला तितका, माझ्या मते, अन्य कोणी हाताळलेला नाही. प्रमादयुक्त, म्हणजे बेसावध, व्यापाराने प्राणांचा घात होणे ही हिंसा, असे उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र सांगते. आणि कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात त्याही पुढे जातात: जीव मरो वा जगो, बेसावधपणे वागणाऱ्याला हिंसा लागलीच, आणि जपून चालणाऱ्याच्या पावलाखाली एखादा जीव सापडला तरी त्याला त्याचे बंधन नाही.

ही कसोटी काडतूस भरणाऱ्याला लावून पाहावी. दारू ज्या मापाने तोलतात तो ग्रेन म्हणजे सुमारे पासष्ट मिलिग्रॅम. दिसायला सारख्या असलेल्या दोन दारूंपैकी एक भराभर जळते व दुसरी सावकाश, आणि एकीच्या जागी दुसरी पडली तर नळीतील दाब बंदुकीला सोसवण्यापलीकडे जाऊन ती हातातच फुटू शकते. म्हणून मेजावर एका वेळी एकच डबा असावा, भरलेल्या प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहावे, मानेशी चिरलेली पुंगळी टाकून द्यावी, डोळ्यांवर चष्मा असावा, विस्तव व गप्पा दोन्ही दूर असावेत. न पाहता ठेवणे, घाईने ठेवणे, भान नसताना ठेवणे हे निक्षेपाचे, म्हणजे वस्तू ठेवण्याचे, जे दोष जैन आचार्यांनी मोजले, ते येथे अक्षरशः लागू पडतात. ज्याने गप्पांच्या ओघात दारू मापली, त्याची गोळी सुखरूप सुटली तरी शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा घात त्याने त्या क्षणीच पत्करलेला होता.

मग सावध मनुष्य निर्दोष ठरतो काय? येथे मला थांबावे लागते. शस्त्र नव्याने घडविणे आणि तयार भाग जोडून शस्त्र सिद्ध करणे, म्हणजे निर्वर्तना आणि संयोजना, या दोन्ही जैन परंपरेने दोषाची अधिकरणे, म्हणजे साधने, मानल्या आहेत. टोपी, दारू, पुंगळी, गोळी यांपैकी काहीही स्वतः न घडविणारा आपला गृहस्थ या दुसऱ्या सदरात स्पष्टपणे बसतो. बुद्धानेही उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे. सावधपणाने प्रमादाचा दोष जातो, साधन निर्माण केल्याचा जात नाही; आणि ते साधन उद्या कोणाच्या हाती असेल यावर बनविणाऱ्याचा ताबा मेजावरून उठेपर्यंतच असतो.

सरकारचा कायदा हीच गोष्ट वेगळ्या भाषेत मानतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे पाचवे कलम परवान्यावाचून दारूगोळा बनविण्यास मनाई करते. बनविणाऱ्याचा हेतू शुद्ध होता की नव्हता, याची त्या मनाईला गरज पडत नाही. हैदराबादेतील एखाद्या निष्णात नेमबाजाला हे जाचक वाटेल. पण बंदूक बाळगण्याचा परवाना आणि दारूगोळा तयार करण्याचा परवाना या दोन भिन्न जबाबदाऱ्या आहेत, हे त्याने मेज मांडण्यापूर्वीच जाणले पाहिजे.