बिघडली तर?

माझ्या घडी होणाऱ्या टॅबलेटच्या पडद्यावर, नेमकी घडीवरच, काळी रेघ उमटली. हमीची मुदत संपलेली. दुरुस्तीचा आकडा ऐकून मुलगी म्हणाली, "बाबा, नवाच घ्या ना!"

लहानपणी वडिलांबरोबर पुण्याच्या तपकीर गल्लीत रेडिओचे सुटे भाग शोधत हिंडलेल्या मला ते पटेना. पण या पडद्याचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. एक बिघडला की सहसा अख्खा पडदाच बदलावा लागतो.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून कायदा लागू झाला. १०० डॉलर किंवा अधिक घाऊक किमतीच्या अशा उपकरणांचे सुटे भाग, हत्यारे व माहिती उत्पादन थांबल्यावरही ७ वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. चांगलेच झाले. पण कायदा हक्क देतो, विवेक नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी आम्ही डॉक्टर रुग्णाला धोके समजावून संमती घेतो. टॅबलेट घेताना मी फक्त त्याची ऐट पाहिली, "बिघडला तर?" हे विचारलेच नाही. न विचारता दिलेल्या संमतीचा दोष केवळ कंपनीचा कसा?

टॅबलेट दुरुस्तीला दिला आहे. खर्च जास्त आहे. ती माझ्या न विचारण्याची किंमत समजतो.