ऋण आणि उड्डाण

भाऊबीजेला बहिणीकडे जुहूला जायचे आणि जेवणे उरकली की सर्वांनी गच्चीवर बसायचे, ही आमची जुनी रीत आहे. त्या गच्चीवरून विमानतळाचा एक तुकडा दिसतो. सांताक्रूझचा मोठा विमानतळ नव्हे. हा जुना, धाकटा, १९२८ साली सुरू झालेला. हिंदुस्थानातील नागरी विमानविद्येचा पाळणा याच मैदानावर हलला. आता तेथून मुख्यतः हेलिकॉप्टरे उडतात आणि समुद्रातल्या मुंबई हायच्या तेलविहिरींवर माणसांची ने-आण करतात. ती चालवणाऱ्यांत पूर्वी सैन्यदलांत असलेले वैमानिक पुष्कळ असतात, हे मला भाच्याने सांगितले. भाचा स्वतः हवाईदलात लढाऊ विमान चालवतो.

गेल्या भाऊबीजेला तो रजेवर आला होता. फराळाची ताटे मध्ये होती. सहज बोलावे तसे तो म्हणाला, ''मामा, पुढच्या वर्षी माझी वीस वर्षे पुरी होतात. मुदतीआधी बाहेर पडण्याचा अर्ज करावा म्हणतो. एखाद्या विमान कंपनीत जाईन.''

आमचे मेहुणे निवृत्त शिक्षक. त्यांनी हातातली करंजी ताटात परत ठेवली. ''देशाने तुला उडायला शिकवले,'' ते म्हणाले, ''ते उतारूंना मुंबईहून दिल्लीला पोचवण्यासाठी नव्हे.''

बहीण आत निघून गेली. भाचा गप्प राहिला. मेहुण्यांनी माझ्याकडे वळून विचारले, ''तुम्ही सांगा. हे बरोबर आहे का?'' मी त्या रात्री उत्तर दिले नाही. त्यानंतर वर्षभर तो प्रश्न मनात घोळतो आहे, आणि तो आमच्या एकट्याच्या घरचा नाही असे वाटते, म्हणून येथे मांडतो.

आधी व्यवहार पाहू; कारण नीतीचा विचार करताना व्यवहार दाराबाहेर ठेवला तर तो खिडकीतून आत येतोच. हवाईदलात अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मिळायला २० वर्षांची नोकरी लागते. विंग कमांडरच्या हुद्द्यावर माणूस राहिला तर ५४ व्या वर्षी त्याला निवृत्त व्हावे लागते. नागरी विमान मात्र त्याला ६५ व्या वर्षापर्यंत चालवता येते. म्हणजे बेचाळिशीत बाहेर पडणाऱ्यापुढे तेवीस वर्षे असतात, चोपन्नाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यापुढे अकरा. आणि विमान कंपनीत ज्येष्ठता धरायची ती कंपनीत आल्याच्या दिवसापासून. मागे कितीही पदके असोत, रांगेत उभे राहायचे ते शेवटी. जो उशिरा येतो त्याला कप्तानाची खुर्ची मिळेपर्यंत केस पांढरे होतात.

त्यातही लढाऊ वैमानिकाची अडचण वेगळी आहे. त्याची फेरी तास-सव्वा तासाची. मालवाहू विमानाचा वैमानिक एका खेपेत कितीतरी अधिक तास जमवतो. नागरी विमानाचा कप्तान होण्याचा परवाना मागताना मात्र १,५०० तासांचा हिशेब द्यावा लागतो. ज्याने ध्वनीहून वेगाने विमान नेले त्यालाही नागरी परवान्यासाठी हवाई नियम शिकून परीक्षेला बसावे लागते, आणि मग त्या त्या जातीच्या विमानाचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते. भाचा हसून म्हणाला होता, ''मामा, ज्या पोरांना मी शिकवले ती कदाचित कप्तान असतील आणि मी त्यांच्या शेजारी उजवीकडच्या खुर्चीवर.'' तो हसला खरा, पण त्यामागे त्याने पुष्कळ आकडेमोड केली होती हे दिसत होते.

तेव्हा तो लवकर जाऊ म्हणतो यात लोभच आहे असे म्हणणे अन्यायाचे. त्याच्या मुलांनी एवढ्या वयात सहा शाळा बदलल्या आहेत. पण मेहुण्यांचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. लढाऊ वैमानिक तयार करायला सरकारचे कोट्यवधी रुपये लागतात. आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वर्षे लागतात. तो गेला की त्याची जागा उद्या सकाळी भरून निघत नाही. म्हणूनच मुदतीआधी जाऊ इच्छिणाऱ्याला परवानगी मागावी लागते आणि ती नाकारण्याचा अधिकार सरकारकडे असतो. हे ठीकच आहे. पण परवानगी मिळाली म्हणजे मनही मोकळे झाले असे होत नाही. कायदा दार उघडतो. त्या दारातून जावे की नाही हे कायदा सांगत नाही.

या विचारात असताना मला जुहूच्याच मैदानावरचा एक माणूस आठवला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादला थांबून, एका लहानशा पस मॉथ विमानातून जुहूला उतरले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण ते टपाल जुहूहून पुढे बल्लारीमार्गे मद्रासला कोणी नेले? नेव्हिल व्हिन्सेंट याने. हा ब्रिटिश हवाईदलातला अधिकारी; इराकमधील कामगिरीबद्दल त्याला शौर्यपदक मिळालेले. त्याने ऐन उमेदीत लष्करी नोकरी सोडली, हिंदुस्थानात आला, गावोगाव विमानाच्या फेऱ्या दाखवीत हिंडला आणि येथे हवाई टपाल चालू शकेल हे त्याने ताडले. ती योजना घेऊन तो टाटांकडे गेला. सर दोराबजींनी फारशा उत्साहाने नव्हे, पण दोन लाख रुपये गुंतवायला संमती दिली. सारे भांडवल जुहूच्या चिखलात उभे होते. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जाई, मग सगळा संसार उचलून पुण्याला न्यावा लागे. याच खटाटोपातून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

व्हिन्सेंट लष्करात राहिला असता तर कदाचित आणखी एखादे पदक मिळाले असते. त्याने नोकरी सोडली म्हणून एका देशाला, तोही त्याचा नव्हे, नागरी विमानसेवा लवकर मिळाली. आणि गंमत अशी की अखेरीस युद्धाने त्याला गाठलेच. १९४२ साली, हिंदुस्थानात विमाने बांधण्याच्या कामासाठी तो इंग्लंडला गेला होता. परतीच्या वाटेवर त्याचे विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहीसे झाले. त्या वेळी त्याच्या अंगावर गणवेश नव्हता, इतकेच.

याच्या उलट दिशेचेही उदाहरण आहे. १९३० साली आगाखानांचे बक्षीस जिंकणारा अस्पी इंजिनिअर हा हौशी तरुण नागरी विमानातून इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास करून आला. पुढे तो हवाईदलात गेला आणि १९६० साली हवाईदलाचा प्रमुख झाला. तेव्हा या दोन अंगणांमधली भिंत आपण समजतो तेवढी उंच नाही. माणसे दोन्ही बाजूंनी ये-जा करीत आली आहेत आणि दोन्ही अंगणांचे त्यात भलेच झाले आहे.

मग मेहुण्यांचा आक्षेप खोटा का? तसेही मला वाटत नाही. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, कर्ज आणि ऋण. सावकाराचे कर्ज फेडले की पावती मिळते आणि संबंध तुटतो. ऋणाची जात निराळी. ऋषिऋण फेडायचे ते ऋषीला काही परत देऊन नव्हे, तर शिकलेली विद्या पुढच्याला देऊन. पितृऋण फेडायचे ते आपल्या मुलांना वाढवून. ऋण परत जात नाही, पुढे जाते. मेहुणे स्वतः आयुष्यभर शिकवीत आले. त्यांना हे मी सांगायला नको. भाच्याकडे ते बोलत होते कर्जाची भाषा: एवढे घेतलेस, एवढी वर्षे दे. भाचाही उत्तर देत होता त्याच भाषेत: वीस वर्षे दिली, हिशेब पुरा. मला वाटते दोघांचीही वही चुकीची होती.

ऋणाच्या वहीत प्रश्न वेगळे असतात. जाताना तू आपल्या खुर्चीवर बसणारा तयार केलास का? तुझ्याजवळचे जे जे शिकवण्यासारखे होते ते शिकवून झाले का? ऐन कठीण वेळी, माणसे कमी असताना, केवळ बाहेरचा भाव चढला म्हणून तू निघालास का? या प्रश्नांची उत्तरे ज्याला मान खाली न घालता देता येतात त्याने बाराव्या वर्षी गणवेश उतरवला तरी तो ऋणचुकार नव्हे. ज्याला येत नाहीत तो चोपन्नाव्या वर्षापर्यंत खुर्ची अडवून बसला तरी फेडले असे होत नाही. आणि सरकारलाही या वहीत एक पान आहे. माणूस टिकावा असे वाटत असेल तर त्याच्या बायकामुलांचे टिकणेही पाहावे लागते. परवानगी नाकारून माणूस ठेवता येतो. मन ठेवता येत नाही.

पण ऋणाचे अर्धेच काम येथे संपते. उरलेले अर्धे नव्या नोकरीत सुरू होते, आणि त्याबद्दल बोलताना मन जड होते. कॅप्टन दीपक साठे हे नाव वाचकांना आठवत असेल. नागपूरच्या घरातले, प्रबोधिनीत मानाची तलवार मिळवलेले, हवाईदलात विंग कमांडर आणि परीक्षक वैमानिक. २२ वर्षांच्या सेवेनंतर २००३ साली ते बाहेर पडले आणि नागरी विमाने चालवू लागले. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री, भर पावसात, दुबईहून १९० जणांना घेऊन आलेले त्यांचे विमान कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे घसरून खाली कोसळले. ते, त्यांचा सहवैमानिक आणि प्रवासी मिळून २१ जण गेले. पहिल्या दिवसांत सर्वांनी त्यांच्या शौर्याला वंदन केले. वर्षाने चौकशीचा अहवाल आला. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले, सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याचा इशारा दिला असतानाही उतरणे चालू राहिले, असे त्यात म्हटले होते. आणि व्यवस्थेतल्या उणिवांवरही बोट ठेवले होते.

यावरून लष्करी शिक्षणाला दोष देणे चुकीचे आणि निर्दयपणाचे होईल. असे अपघात ज्यांनी कधी गणवेश घातला नाही त्यांच्याही हातून जगभर झाले आहेत. सतरा वर्षे त्यांनी असंख्य माणसांना सुखरूप घरी पोचवले, हेही त्याच आयुष्याचे सत्य आहे. अहवाल वाचून मी एवढेच शिकलो की दोन आकाशांतले धैर्य सारखे दिसत नाही. लढाईत काम तडीस नेणे हे धैर्य. उतारूंच्या विमानात, शेजारच्या तरुणाच्या एका शब्दावर काम अर्धे सोडून पुन्हा वर जाणे, उशीर पत्करणे, दुसऱ्या गावी उतरणे, हे धैर्य. त्याला पदक मिळत नाही. मिळतात त्या उतारूंच्या शिव्या. गणवेश उतरवणाऱ्याने हे दुसरे धैर्य शिकायचे असते आणि गणवेश न घातलेल्यानेही शिकायचे असते. पाठीमागे बसलेले, चेहरेही न पाहिलेले शेकडो लोक हेच आता त्याचे नवे धनको.

हे सगळे मी यंदा उन्हाळ्यात भाच्याला पत्राने लिहिले. त्याचे उत्तर चार ओळींचे आले. सध्या तो एका तुकडीला शिकवतो आहे. ती मुले तयार होईपर्यंत अर्ज करणार नाही, मग करीन, असे त्याने कळवले. खाली आणखी एक ओळ होती: ''आणि मामा, उजवीकडच्या खुर्चीवर बसायला मी शिकेन.''

पत्र मी मेहुण्यांना वाचायला दिले. त्यांनी ते दोनदा वाचले, चश्मा काढून पुसला आणि विचारले, ''कितीजण आहेत म्हणे तुकडीत?'' मला ठाऊक नव्हते. ''विचारा,'' ते म्हणाले. यंदा भाऊबीजेला तो रजेवर येणार आहे. बहिणीने करंज्या जास्त करायला घेतल्या आहेत, आणि मेहुणे स्वतः गच्ची झाडून आले आहेत.