तीन ओळींच्या पुढे

दारव्हा,
तान्हा पोळा

चि. नातीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘आजोबा, एवढाले लेख वाचायला वेळ कोणाला आहे? बातमी दोन मिनिटांत कळते.’ काय झालं ते कळतं, बाई. का झालं, ते दोन मिनिटांत कळत नाही.

२०१७ साली तू लहान होतीस. त्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. पेपरात तीन ओळी यायच्या: गाव, वय, विषबाधेने मृत्यू. सोबत एक सूर असायचा, की तोंडाला फडकं बांधलं नाही, हातमोजे घातले नाहीत. म्हणजे दोष गेलेल्याच्याच माथी.

पुढे जयदीप हर्डीकरांसारख्या पत्रकारांनी यावर सविस्तर लिहिलं. पी. साईनाथांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ते वाचायला मिळतं. हे पत्रकार वॉर्डात गेले, घरी गेले, शेतात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला लागली होती, त्यामुळे फवारा अंगातोंडावर यायचा. गुलाबी बोंडअळी बीटी बियाण्याला जुमानत नव्हती, म्हणून दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात. कोणतं औषध किती घ्यायचं, हे सांगणारा बहुतेकदा ते विकणारा दुकानदारच. आणि रोजानं फवारायला जाणाऱ्याला हातमोजे देणार कोण? हे सगळं वाचल्यावर दोष कोणाचा, याचं उत्तर बदलतं. सरकारला, कंपन्यांना, कृषी खात्याला जाब विचारता येतो. तीन ओळींच्या बातमीत ही ताकद नसते.

आपल्या भाषेत असं जागेवर जाऊन लिहिण्याचं काम जुनं आहे. अनिल अवचटांनी हमाल, विडी कामगार यांच्यात वावरून लिहिलं. साईनाथांनी देशातल्या सगळ्यांत गरीब जिल्ह्यांत फिरून लिहिलेलं पुस्तक १९९६ मध्ये आलं. मराठीत ते ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावानं मिळतं. ते आधी वाच.

लांब आहे म्हणून लेख चांगला, असं मात्र समजू नकोस. लिहिणारा त्या जागी गेला होता का? ज्याच्यावर बेतली त्याला पुरतं बोलू दिलं का? दुसऱ्या बाजूला विचारलं का? आकडा कुठून आणला, ते सांगितलं का? एवढं तपासत जा.

आताही फवारणीचेच दिवस आहेत. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. फवारायला जाणाऱ्यांशी बोल: औषध कोणी सुचवलं, मजुरी किती, डोळे चुरचुरले तर कुठे जाता. मग दोन पानं लिहून दाखव. आपल्या तालुक्याबद्दल लिहायला पुण्या-मुंबईहून कोणी येईल म्हणून थांबू नये. इथली भाषा तुला येते, इथली माणसं तुला ओळखतात. हे काम तुझंही आहे.

तुझे,
आजोबा